बसू नये, असं लिहिलेलं बाकडं

यंदाच्या तान्ह्या पोळ्याला, सकाळी, कढईतलं तेल तापायच्या आधी, वर्ध्याच्या जुन्या बाजारातल्या काकाजींवर अन्याय झाला. त्यांचं बाकडं उचलून नेलं. खाऊगल्ली समितीच्या माणसांनी ते टेम्पोत चढवलं, दोरीनं आवळलं आणि नेलं. काकाजी तेव्हा मागच्या नळावर सांबार धूत होते. (बाहेरच्यांसाठी: आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात.) समितीनं वेळ बरोबर निवडली होती. त्या सकाळी अख्खी गल्ली पोरांचे लाकडी बैल सजवण्यात गुंतलेली असते. इकडे लाकडी बैलांच्या गळ्यात माळा पडत होत्या, आणि तिकडे जिच्यावर बसून या गावानं इतकी वर्षं नाश्ता केला ती लाकडाची फळी चोरासारखी नेली जात होती. चोरासारखी, असंच म्हणतो. समितीला शब्द लागत असेल तर लागू द्या.

"एका बाकड्यासाठी एवढा आरडाओरडा?" असं तुम्ही म्हणाल. वर्ध्यातले शहाणे आधीच म्हणून मोकळे झाले आहेत. म्हणून आधी माणूस सांगतो. माणूस कळला की बाकडं कळेल.

काकाजींचं खरं नाव बाजारात कुणी घेत नाही. घराणं व्यापाऱ्याचं. भावांची लोखंडाची दुकानं, पुतण्यांच्या मोटारी. हे एकटेच मोठ्या घराच्या ओट्याखाली कढई मांडून बसले. का बसले, याच्या बाजारात अनेक कथा आहेत. कोणी म्हणतं भावाशी भांडण झालं, कोणी म्हणतं लग्न मोडलं. काकाजींना विचारलं की ते प्रत्येक कथेला "हो, तसंच झालं" म्हणतात आणि पुढचा बोंडा तेलात सोडतात. अंगात बंडी, डोक्यावर ओला दुपट्टा, आवाज असा की पलीकडच्या चौकातला कंडक्टर गाडी थांबवेल. हातात झारा. हा झारा तळायला कमी आणि माणसं हाकायला जास्त.

सकाळी तर्रीपोहे आणि आलूबोंडे, हिवाळ्यात सांबारवडी, उन्हाळ्यात ज्वारीची आंबील. चव कशी? मी पत्रकं लिहितो, जाहिराती लिहीत नाही, म्हणून खरं सांगतो: ठीक. पोहे बाजाराच्या दुसऱ्या टोकाला जास्त मोकळे मिळतात. मूगवडे खायचे असतील तर शाळेच्या भिंतीला टेकून बसणाऱ्या बाईकडे जा, पण चटणी मागून घ्या, ती आपण होऊन देत नाही. मठ्ठा प्यायचा तर पारासमोर, आणि दुपार व्हायच्या आत, नंतर त्यात पाणीच जास्त. पाटवडी-रस्सा जुन्या टॉकीजच्या मागे. चहा कुठेही प्या, सगळीकडे सारखाच गोड आहे. ही झाली माझी खाऊयादी, समितीच्या रंगीत नकाशापेक्षा खरी. मग काकाजींकडे कशाला जायचं?

बसायला.

बाकडं एकच होतं. लांबलचक, सागवानी, जुन्या जिनिंगमधून आलेलं, कापसाच्या गाठी ओढून ओढून घासलेलं आणि पुढे माणसांनी बसून बसून गुळगुळीत केलेलं. काकाजींचा नियमही एकच. कुठं बसायचं ते तुम्ही ठरवायचं नाही. झारा दाखवेल तिथं बसायचं. उभ्यानं खायचं नाही, घरी न्यायचं नाही.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा कॉलेजात होतो. कानात गाणी, नजर मोबाइलात.

"काकाजी, पोहे पार्सल करा."

"काय करू?"

"पार्सल. पिपरीले न्यायचे हायेत, मित्राच्या रूमवर."

"हे का पोस्ट ऑफिस हाये? पिपरीवाल्याले पाय नाई का? बस."

"मंग उभ्यानंच खातो."

झारा तेलातून वर आला. थेंब गळत होते. "काऊन बे, तुह्या बुडाले काटे हाये का? थ्या तिथं बस. वकीलसाहेब, सरका. पोट सरकवा पह्यले, माणूस मागून आपोआप सरकते."

वकीलसाहेब खरंच सरकले. दुसऱ्या बाजूला सिमेंटनं पांढरा झालेला एक हमाल होता. माझी कोपरं दोघांच्या बरगड्यांत. हमालानं माझी प्लेट पाहिली, न विचारता तिच्यात तर्री ओतली आणि वकिलाला म्हणाला, "कोरडं खाऊन राह्यला बाप्पा हा! घरचे बोलत नाई वाटते याले." वकील हसले. मी कानातली गाणी काढून खिशात टाकली, कारण दोघं माझ्याविषयीच बोलत होते आणि मला ऐकायचं होतं. पिपरीचा मित्र त्या दिवशी उपाशी राहिला. दुसऱ्या दिवशी तो पायांनी आला.

काकाजींचं म्हणणं साधं होतं. "आपल्या माणसाईत बसूनच खायचं हाये तं घरी खा ना. घरी पोहे होत नाई का? बाजारात आला तं बाजारासंगं बस."

आणि बसवण्यात ते पक्के खोडसाळ होते. सावंगीची डॉक्टर होणारी पोरं-पोरी घोळक्यानं यायची, पांढरे कोट हातावर टाकून. काकाजी घोळका फोडायचे. "वर्गात एकत्र, होस्टेलात एकत्र, इथं तरी फुटा." अशाच एका पोरीला त्यांनी तळेगावहून पहिल्या गाडीनं आलेल्या एका संत्रेवाल्या म्हाताऱ्याशेजारी बसवलं. म्हाताऱ्यानं पहिल्या घासापासून स्वतःच्या गुडघ्याची कथा लावली. पोरीनं ऐकलं, ऐकलं, शेवटी प्लेट मांडीवर ठेवली आणि खाली वाकून त्याचा गुडघा दाबून पाहायला लागली. काकाजी ओरडले, "ओ डॉक्टरीन! दवाखाना नाई हा! थंडे होऊन राह्यले पोहे!" म्हातारा म्हणाला, "थंडे होऊ दे गा, कोणी तं हात लावला." अख्खं बाकडं हसलं.

शेजारी शेजारी दुकानं असलेले दोन कापडवाले, मधल्या भिंतीवरून कोर्टात. दोघंही काकाजींचे गिऱ्हाईक, वेळा ठरवून वेगवेगळे यायचे. एके दिवशी वेळ चुकली. काकाजींनी त्यांना मांडीला मांडी लावून बसवलं आणि तर्रीचं एकच भांडं दोघांच्या मध्ये ठेवलं. समेट झाला असं लिहिलं तर गोष्ट छान दिसेल. झाला नाही. खटला आजही चालू आहे. पण "तर्री सरकवा" एवढं ते एकमेकांशी बोलायला लागले, आणि त्यापलीकडे आजवर एक शब्द बोललेले नाहीत. मी काकाजींना चिडवलं, "तुमच्या बाकड्यानं काही झालं नाई बा." ते माझ्यावरच उखडले. "गळ्यात गळे घाला असं मी कवा म्हणलं? तर्री देल्ली का नाई त्यानं? देल्ली ना? मंग."

आता मूळ मुद्द्यावर येतो. शेठ.

शेठ धान्याचे मोठे व्यापारी. देणगीदार. गावातल्या निम्म्या बाकांवर, घड्याळांवर आणि पाण्याच्या टाक्यांवर त्यांचं नाव आहे. सणावारी दारात जेवणावळी घालतात, वाढतातही स्वतः. वाईट माणूस म्हणून गावात कुणी त्यांच्याकडे बोट दाखवणार नाही. मी दाखवतो.

बाजाराच्या दिवशी एक कोलाम आदिवासी बाई झाडण्यांचे भारे घेऊन यायची. पोरीशी आपल्या भाषेत बोलायची, आमच्याशी आमच्या. काकाजींना सगळा बाजार काकाजी म्हणायचा, ही म्हणायची म्हाताऱ्या. "म्हाताऱ्या, तेल बदल ना, काळं झालं." "तुह्या झाडण्याईपेक्षा गोरं हाये. बस चुपचाप." ही त्यांची रामराम करायची पद्धत.

त्या दिवशी ती बसलेली, शेजारची जागा रिकामी. शेठ आले. झारा त्या रिकाम्या जागेकडे गेला.

"मी उभाच बरा, काकाजी. घाई हाये."

"घाई हाये तं उद्या ये."

"अहो, पांढरे कपडे हाये..."

"मंग? तिचं लुगडं बी धुतलेलंच हाये."

"तसं नाई काकाजी..."

"कसं हाये मंग? सांग ना. जोरात सांग, सगळ्याईले ऐकू जाऊ दे."

ती बाई म्हणाली, "बस ना रे भाऊ. मी का तुले खाऊन टाकीन? पोहे हायेत ना माह्याजवळ." बाकडं खदखदून हसलं. शेठ हसले नाहीत. त्यांनी मांडलेल्या प्लेटांतली एक स्वतःच उचलली आणि खांबाला टेकून, उभ्यानं, खायला सुरुवात केली.

काकाजी उठले. शेठच्या हातातून प्लेट घेतली, बाजूला ठेवली. मग बादली उचलली आणि चुलीवर पाणी ओतलं. धुराचा लोट उठला. "बंद. आज दुकान बंद."

रांगेत माणसं उभी होती. कुणाला गाडी गाठायची होती, कुणाला कोर्ट. सगळे भडकले, आणि शेठवर नाही, काकाजींवर. "एका माणसापाई सगळ्याईले उपाशी मारता का?" काकाजी म्हणाले, "एकापाईच. आज एक उभा राह्यला का उद्या सारे उभे. मंग हे बाकडं कायले ठेवू, धुणं वाळवाले?"

सगळ्यात जास्त ती बाई चिडली. झाडण्यांचा भारा डोक्यावर घेता घेता तिनं त्यांना झापलं. "म्हाताऱ्या, माहे पोहे काऊन बंद केले? मी तं बसली होती ना! तो उभा राह्यला त्याचा राग माह्यावर?"

विझलेल्या चुलीकडे बघत काकाजी म्हणाले, "उद्या येजो." ती म्हणाली, "उद्या बाजार नाई," आणि गेली. पुढच्या बाजाराला आली तेव्हा काकाजींनी तिची प्लेट सगळ्यांच्या आधी भरली. तिनं ती घेतली आणि म्हणाली, "तेल काळंच हाये अजून."

शेठ पुन्हा आले नाहीत. आली ती त्यांची समिती.

खाऊगल्ली समितीचे अध्यक्ष शेठ. जुना बाजार सुंदर करायचा, बाहेरून येणाऱ्यांना दाखवायचा. रंगीत नकाशा छापला: जुन्या बाजारात कुठे खावे, काय प्यावे. गुळगुळीत कागद, वाफ निघणाऱ्या वाटीचं चित्र. नकाशात मूगवडेवाली नाही, पारासमोरचा मठ्ठा नाही. भाडं देऊन नव्या गाळ्यात गेलेले तेवढे सगळे आहेत. आणि काकाजींचा ओटा? त्या जागेवर कॅमेऱ्याचं चित्र आणि दोन शब्द: सेल्फी पॉइंट. माणूस जिवंत, चूल पेटलेली, आणि नकाशात त्याच्या जागी फोटो काढायची सोय. यानंतर तान्हा पोळा आला आणि टेम्पो आला.

बाकडं कुठे गेलं ते शोधायला लागलं नाही. ते खाऊगल्लीच्या दारातच आहे. चकचकीत पॉलिश केलंय. वर कुंड्या मांडल्यात, कडेनं जाड मखमली दोरी बांधलीय, आणि समोर पितळी पाटी: "जुन्या बाजाराचा वारसा. कृपया बसू नये."

हे मी दोनदा वाचलं. मग काकाजींना नेलं, त्यांनी एकदाच वाचलं.

समिती म्हणते, आम्ही बाकडं जपलं. ओट्याखाली कुजत होतं, आम्ही त्याला मान दिला. मान! त्या बाकड्यावर कुणी "इथं बसू नको" असं कुणाला म्हणू शकत नव्हतं, तीच त्याची सगळी किंमत होती. आता तीच गोष्ट पितळेत कोरून त्याच्यासमोर उभी केलीय. शेठला तेव्हा जे जोरात सांगता आलं नव्हतं, ते पाटीवर लिहून टाकलं. आणि सगळ्यांनाच मनाई केली, म्हणजे कुणी बोट दाखवायला नको.

काकाजींना समितीनं गाळाही देऊ केला, बरं का. फुकट. "आमचे जुने मानकरी" म्हणून. काकाजी बघायला गेले. आत गोल टेबलं, दूर दूर, प्रत्येकाभोवती खुर्च्या. काकाजींनी दुपट्टा कमरेला गुंडाळला आणि टेबलं ढकलत, खरडत एका रांगेत लावली. मॅनेजर धावत आला.

"काकाजी, असं नाई चालत. इथं कस्टमर आपल्या मर्जीनं बसते."

"मर्जीनं तं माशी बी बसते," काकाजी म्हणाले आणि परत आले. तेव्हापासून चूल बंद आहे. जमिनीवर बसतो, वाढा, असं लोकांनी सांगून पाहिलं. ते म्हणाले, "जमिनीवर जो तो आपापली जागा पाहते. बाकड्यावर सरकाव लागते."

मग आम्ही पोरं पेटलो. आणि पेटलेली वर्ध्याची पोरं काय करतात? मंडप टाकतात. हा जिल्हाच तसा आहे, तक्रार झाली की आमचा हात आधी मंडपवाल्याच्या नंबरावर जातो. ओट्यासमोर पांढरी गादी घातली, लोड ठेवले, मागे फलक लावला: आमरण उपोषण. काकाजींना बोलावलं. ते आले, फलक वाचला.

"कोण राहणार उपाशी?"

"तुम्ही, काकाजी. आमी हावोच ना संगं."

"मी?" त्यांनी आमच्याकडे असं पाहिलं, जसं पार्सल मागणाऱ्याकडे पाहायचे. "अरे भैताडाईनो! जन्मभर लोकाईले खाऊ घातलं अन् आता मी उपाशी मरू? थो शेठ दोन टाइम जेवून राह्यला ना? मंग मी बी जेवतो, तीन टाइम जेवतो. उपाशी तं गाव हाये. गावाले विचारा उपोषण कवा सोडते म्हणून."

मंडपवाला पोट धरून हसला. आम्ही गादी गुंडाळली. फलकाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर हे पत्रक लिहायला घेतलं, कारण काकाजी बरोबर होते. भुकेलेले आपण आहोत. मोबाइलवर बोट ठेवलं की दारात खाणं येतं, आणणाऱ्याचं तोंडही आपण नीट बघत नाही. वर्ध्यात खायला जागा खूप झाल्या. कुणाही शेजारी बसायला एकच होती.

मंडप काढून झाल्यावर काकाजी तिथंच ओट्यावर बसून राहिले. आवाज जरा उतरला होता. म्हणाले, "रविवारी मी कढई घेऊन तिथं येतो, त्याईच्या दारात. चूल पेटवतो. पण दोरीले मी हात लावणार नाई. बाकडं माहं नाई ना, बसणाऱ्याईचं हाये. बसाले कोणी आलं तं तळतो."

"अन् नाही आलं तं?"

"तं कढई पुतण्याच्या दुकानात. भंगारात घेते तो." झाऱ्यानं त्यांनी पाठ खाजवली. "तेल काळं हाये म्हणते ते बाई. नवं आणतो."

झाडणीवाली बाई येणार आहे. मी स्वतः विचारून आलो. म्हणाली, "बसीन ना, मले काय. पण या खेपेला पोहे बंद केले तं झाडणीनं हाणीन म्हाताऱ्याले." तिच्या शेजारची जागा काकाजींनी राखून ठेवायला सांगितली आहे, शेठसाठी. हा टोमणा नाही. ते म्हणाले, "त्याले भूक लागत नसंल का? येऊ दे. पण बसंल."

शेठ, तुम्ही हे वाचत असाल तर या. घाई असेल तर घाई सोडून या.

आणि तुम्ही, जे हे वाचून "छान लिहिलंय" म्हणणार आहात आणि पुढे चारजणांना पाठवणार आहात, तुम्हाला सांगतो: पाठवू नका. या. रविवारी सकाळी, खाऊगल्लीच्या दारात. कुंड्या उचलून खाली ठेवा, फोडू नका, झाडांचा काही दोष नाही. दोरी सोडा. पाटीकडे पाठ करा. फोटो काढू नका. झारा दाखवेल तिथं बसा, शेजारी कोण आहे ते विचारू नका. आणि तुमच्यामागून कुणी आलं, कुणीही आलं, तर सरका.